अंबिलीची पहिली धार

अंबिलीचं मडकं घेऊन अक्कम्मा पाण्याच्या टाकीकडे वळली, तशी तिच्या सुनेची, महेश्वरीची, नजर मडक्यावर खिळली.

वेळ अमावस्येला रानात लक्ष्मी पुजायची आणि ताक-ज्वारीची अंबील रानाभोवती शिंपडायची, ही अक्कलकोटकडची रीत. पहिली धार पिकाच्या मुळाशी. मान रानाच्या धन्याचा, आणि नवरा गेल्यापासून धनीण अक्कम्माच. त्या मडक्याला तिने पोटच्या प्रभुचाही हात लागू दिला नव्हता, मग सुनेची काय कथा.

पण यंदा रान होतं कुठं? भीमेच्या पात्रातलं हे एवढंसं बेट, त्यावर मूठभर घरांची वस्ती. पावसाळ्यात पूर आला तो रानातली माती घेऊनच गेला. मागे उरले गोटे. होडी बंद, बाजार बंद. तेव्हा वस्तीच्या ताटात जे हिरवं पडलं, ते महेश्वरीच्या शेडमधलं. देवळामागच्या उंचवट्यावर तिने पाइपांना भोकं पाडून पालक, चुका, शेपू लावला होता. माती नावाला नाही. टाकीतलं खताचं पाणी मुळांखालून फिरत राहायचं, बस्स. बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्या भाजीने तारलं. महेश्वरीची मान तेव्हापासून ताठ झाली, आणि का होऊ नये?

बधली नव्हती ती एकटी अक्कम्मा. भाजी मुकाट्याने खायची आणि शेडला म्हणायची, नळांचा पसारा. "मातीत हात न्हाई घातला, ती कसली शेती?" हे वाक्य महेश्वरीने वर्षभर गिळलं होतं. या बाईने एकदा आपल्याला शेतकरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि आज हीच बाई कुणी न सांगता मडकं घेऊन शेडमध्ये आली, मागोमाग सगळी वस्ती. पाइपांपुढे दगड मांडून तिने लक्ष्मी पुजली. शेडमधल्याच पालेभाज्या डाळींबरोबर घोटून केलेल्या भज्जीचा नैवेद्य दाखवला. महेश्वरीचा ऊर भरून आला.

आता पहिली धार. मुळं पाण्यात, तर धारही पाण्यातच, असा अक्कम्माचा सरळ हिशेब. तिने टाकीचं झाकण बाजूला सारलं.

आंबट ताक त्या पाण्यात गेलं की पाइपांतली सगळी मुळं सडणार. बोलावं तर सासू दुखावणार, तीही सणाच्या दिवशी, सगळ्या वस्तीदेखत. वर्षभर वाट पाहिलेलं हातचं जाणार. महेश्वरीने नवऱ्याकडे पाहिलं. प्रभु पत्र्याचे खिळे न्याहाळू लागला.

मडकं कललं. महेश्वरीने पुढे होऊन टाकीवर आडवा हात धरला.

"न्हाई आत्या. हितं न्हाई वतायचं. मुळं मरतील."

अक्कम्माने तिच्याकडे पाहिलं, मग पालकाच्या रांगेकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"वरीसभर तुला बोलले, तवा गप बसलीस. आन् आज आडवी आलीस व्हय?"

"मला काय बी बोला, आत्या." महेश्वरीचा हात अजून तिथंच होता. "पर पिकाला धक्का न्हाई लागू द्यायची."

अक्कम्माने झाकण सावकाश जागेवर बसवलं. पदराने मडक्याचा काठ पुसला आणि मडकं सुनेच्या हातात दिलं.

"मग कुटं शिंपडायचं ते तूच बघ," ती म्हणाली. "रान तुझं हाय."