पहिल्या रांगेतला शिपाई

भोकरदनच्या राहत्या घरी गिरिधररावांनी जेवणाच्या टेबलावर असईची जुनी लढाई मांडली होती. रविवारी मित्र येणार होते, फासे टाकून ती खेळायला. बोटाच्या पेराएवढे शिपाई, वहाणांपासून पागोट्यापर्यंत एकसंध शिशात ओतलेले. घरं प्लास्टरची, भरीव. दारं नुसती रंगानं काढलेली. शिपायांचे डोळे तेवढे त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई सुईच्या टोकानं रंगवायच्या.

पहिल्या रांगेतला एक शिपाई मात्र जागेवर टिकेना. रोज सकाळी तो एका घराच्या दाराकडं तोंड करून उभा सापडायचा.

"तूच ठेवून राह्यलीस ना?"

"मला तर तुमचाच संशय आल्ता," बाई हसल्या.

शेवटी रावांनी त्याला रांगेत डिंकानं चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दाराशीच.

"अहो, राहू द्या की. लढाईत पहिला तोच पडणार. घरच्यांना भेटून येऊ द्या लेकराला."

"मंग जा बाबा," राव लाडानं म्हणाले, आणि दोघं चहाला उठले.

परत आले तर शिपाई न्हाई. टेबलाखाली, खुर्च्यांखाली, कुठंच न्हाई.

बाईंनी हळूच रावांचा हात धरला आणि बोट दाखवलं. रंगवलेल्या दारासमोर तिळाएवढ्या दोन वहाणा शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या.