येसराचा वास

कढईत धने पडले तसा शिवशरणनं मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि एका बोटानं लिहिलं, "सहज विचारतो. भाजलेल्या धन्यांचा वास कसा असतो? शब्दांत सांगा."

दिंद्रुडच्या शाळेत दहावीला एकत्र असलेल्यांचा हा ग्रुप. पन्नाशी ओलांडलेली माणसं, पण दुसरा उद्योगच नसल्यासारखी दिवसभर बोलत असतात. कांदा कापला की डोळ्यांत पाणी का येतं, माठातलं पाणी गार कसं होतं, शाळेपुढं चिंचगोळ्या विकणाऱ्या म्हातारीचं नाव काय होतं. शिवशरणचे प्रश्न मात्र सगळे नाकाचे. परवा त्यानं रॉकेलचा वास विचारला होता, त्याआधी कोऱ्या पुस्तकाचा.

"अबे, दिवसभर त्याच्यातच बसतोस अन् आमाला इचारतोस?" आप्पारावनं लिहिलं. पुढं तीन हसरे चेहरे.

त्याला काय सांगणार? कोरोनात शिवशरणचं नाक गेलं ते गेलंच. आणि धंदा बापापासूनचा, येसराचा. लग्नाच्या पंगतीतली आमटी ज्या पिठावर उभी राहते ते येसर: धान्यं, डाळी, मसाले, सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं. त्यात धने फार लहरी. ते कधी उतरवायचे हे घड्याळ सांगत नाही, प्रत्येक पोत्याची ओल वेगळी. वासच सांगतो. जरा आधी उतरवले तर आमटी कच्ची लागते, जरा उशीर झाला की कडू.

हे फक्त त्याच्या बायकोला, उमाबाईला माहीत होतं. ती कढईपासून दोन हातांवर, भिंतीकडं तोंड करून जिरे निवडत बसायची. गिऱ्हाइकाला वाटावं, बाई आपल्या कामात आहे. नेमका वास सुटला की ती बांगडी परातीवर वाजवायची. एकदाच. शिवशरण लगेच कढई उतरवायचा आणि बघणारे म्हणायचे, बापाचं नाक घेतलंय पोरानं. इतकी वर्षं ते नाक उमाबाईच्या मनगटात होतं, आणि घरातही त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

आज आठ दिवसांच्या तापातून उठून ती पहिल्यांदाच परातीशी बसली होती.

"पड की अजून जरा," तो सकाळी म्हणाला होता.

"मंगलच्या पोरीचं लग्न सोमवारी हाय. मग कवा भाजायचं?"

मंगल ग्रुपवरच होती. पुण्याला असते, पण लग्न गावातच करायचं म्हणून हटून बसलेली. तिचं उत्तर आलं. "मला विचार. आई धने भाजायची तेव्हा मी ओसरीवर अभ्यास करत असायचे. आधी गोडसर, उबदार, अन् मागून लिंबाच्या सालीसारखं काहीतरी. तो वास आला की समजायचं, आता आई हाक मारणार."

शिवशरणनं ते दोनदा वाचलं. मग कढईवर वाकून छाती भरून श्वास घेतला. गरम हवा, बाकी काही नाही. शब्दांनी तरी नाक जागं होईल असं त्याला उगाच वाटायचं.

संगमेश्वर बीडला कॉलेजात शिकवतो, त्यामुळं शास्त्राचं खातं त्याच्याकडं. त्यानं लिहिलं, "धन्यात तेल असतं. तापलं की उडतं आणि नाकाच्या पार वरच्या टोकाला जाऊन लागतं. तिथल्या नसा मेंदूला निरोप देतात."

"माझ्या मेव्हण्याचा कोरोनात गेलता वास," आप्पाराव. "महिन्यात आला."

"बहुतेकांना येतो परत," संगमेश्वरनं लिहिलं.

"अन् नाही आला तर?" शिवशरणनं विचारलं.

संगमेश्वर टाइप करतोय असं बराच वेळ दिसत राहिलं. "वर्ष-दोन वर्षांत नाही आला तर मग अवघड. का रे, कुणाचं?"

"असंच. एका गिऱ्हाइकाचं."

"ते राहू द्या," मंगल मध्येच आली. "शिवशरण, माझं येसर झालं का? पंगतीत आमटीची वाफ उठली की लोकांना कळलं पाहिजे, कुणाच्या हातचं हाय."

"चालू हाय," तो लिहीत होता तेवढ्यात त्याला ठसका लागला. डोळे चुरचुरले. त्यानं कढईत बघितलं. धने काळे ठिक्कर पडले होते, आणि धूर खेचायचा पंखा सगळा धूर मागच्या खिडकीतून मुकाट बाहेर टाकत होता. त्यानं झटकन शेगडी बंद केली.

उमाबाई तशीच बसून होती. भिंतीकडं तोंड. जिरे निवडायचे थांबलेले, आणि मनगट परातीवर वीतभर उचलून धरलेलं.

"अगं, वाजिवलं न्हाईस?"

"अजून कुठं सुटलाय वास," ती म्हणाली आणि मागं वळली.

कढईकडं बघत ती उठली. चटका बसत होता तरी तिनं मूठभर काळे धने उचलले, नाकाशी धरले, लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मूठ सोडली आणि हात लुगड्याला पुसत राहिली. शिवशरणला तिच्याकडं बघवेना. स्वतःचं नाक गेलं तेव्हाही तो इतका भ्यायला नव्हता.

डब्याला टेकलेला मोबाइल पुन्हा उजळला. मंगलनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. त्यानं मोबाइल पालथा ठेवला.

"येतो का वो परत?" उमाबाईनं विचारलं.

"येतो की," तो म्हणाला. "बहुतेकांना येतो."