टिकलीची गच्ची

घोरपडे पेठेत पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून नियाजभाई ज्वारीचा डबा वाजवत होते, आणि त्यांची कबुतरी टिकली वर विजेच्या तारेवर बसून भलतीकडेच बघत होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. सकाळी विश्रांतवाडीच्या नव्या घरून उडाली, ती थेट इथे जुन्या घरी आली होती. फक्त जुनं घर आता इथे नव्हतं. बिल्डरने ते पाडून भोवती पत्रे ठोकले होते आणि पत्र्यांवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र लावलं होतं.

चूक नियाजभाईंचीच होती. ती अडाण्याची नव्हती, म्हणून जास्त खुपत होती. घर बदललं की कबुतरांचे पंख दोऱ्याने बांधून ठेवायचे, नव्या जागेत अंडी घालू द्यायची आणि पिल्लं निघाली की मगच मादीचा दोरा सोडायचा. पिल्लं टाकून ती जाणार कुठे? शौकीन लोक वर्षानुवर्षं असंच करत आले, नियाजभाईंनीही तेच केलं. टिकलीने नव्या इमारतीवरून दोन गिरक्या घेतल्या, तेव्हा त्यांनी बायकोला, कमरजहांला, मोठ्या हौसेने गॅलरीत बोलावून ते दाखवलं. तिसरी गिरकी टिकलीने घेतलीच नाही.

नर मागेच मांजराने नेला होता. पिल्लांचे अजून डोळेही उघडले नव्हते, आणि या वयात त्यांना आईच्या घशातून येणाऱ्या दुधाशिवाय दुसरं काही चालत नाही. कमरजहांने बेसन पातळ कालवून कापसाच्या बोळ्याने पाजून पाहिलं, ते सगळं बाहेर आलं. टिकली अंधार पडायच्या आत परतली नाही तर पिल्लं उद्या नसतील, हे नियाजभाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. डबा काखेत मारून ते बसने स्वारगेटला आले होते आणि तिथून जवळजवळ पळतच इथवर.

साइटवरचा वॉचमन संभाजी मघापासून खुर्चीत बसून ही गंमत बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"चाचा, तुमचीच हाय ना ती? मग वळखत कशी न्हाई?"

नियाजभाईंचा हात थांबला. टिकलीने त्यांना रस्त्यावर कधी पाहिलंच नव्हतं. तिचे नियाजभाई गच्चीत असत, कठड्यापाशी, एकटे. इथे खाली सकाळ-संध्याकाळ नुसती डोकी वाहत असतात. त्यातलं एक डोकं डबा वाजवतं आहे, म्हणून तिने का उतरावं?

म्हणजे उंच जायला हवं होतं. संभाजी भला माणूस, त्याने फाटक किलकिलं करून त्यांना आत घेतलं. पण आत चढण्यासारखं काही नव्हतंच. पार्किंगसाठी खोल खड्डा खणून ठेवला होता आणि तळाशी पाणी साचलं होतं. उभा जन्म ज्या जागेवर ते जिना चढून गेले, तिथून आता फक्त खाली जाता येत होतं. ते बाहेर आले.

शेजारच्या इमारतीची गच्ची मात्र जुन्या गच्चीएवढ्याच उंचीची होती. तिची किल्ली असे सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळकृष्णराव यांच्याकडे. कबुतरांच्या घाणीवरून या दोघांचं पूर्वी बऱ्याचदा वाजलं होतं, तरी नियाजभाईंनी मान खाली घालून बेल दाबली. गोपाळकृष्णरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पिल्लांबद्दल वाईट वाटतं, असंही म्हणाले. खोटं बोलत होते, असं नाही.

"नियाजभाई, तुम्ही गेलात याचं आम्हाला दुःख आहे," मग ते म्हणाले, "कबुतरं गेली याचं नाही. तिला आज आमच्या गच्चीत उतरवलंत, की ती उद्याही तिथेच येणार. हे तुम्हीच मला समजावून सांगितलेलं आहे."

सांगितलं होतं खरं. दार हळूच लागलं.

ते पुन्हा रस्त्यावर येऊन उभे राहिले. उन्हं कलली होती. टिकली तारेवरून उठली, साइटवरून तिने रोजच्यासारखी गिरकी घेतली आणि कठडा जिथे होता बरोबर त्या उंचीला येऊन शेपूट पसरली, पाय खाली सोडले. पायांना काही लागलं नाही. ती धडपडली, पंख फडफडवत वर गेली आणि परत तारेवर बसली. नियाजभाईंना भर रस्त्यात रडू फुटलं. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून डबा वाजवायला सुरुवात केली.

खिशातला फोन वाजला. एका हाताने तो कानाला लावून दुसऱ्या हाताने ते डबा वाजवतच राहिले. फोन कमरजहांचा होता.

"डबा वाजवू नका हो," ती म्हणाली.

"मग काय करू?"

"फोन स्पीकरवर आहे, मी पिल्लांपाशीच बसलेय. आवाज आला की दोघंही माना वर करतात."

पिंजऱ्यात डबा वाजला की टिकली दाणे टिपायला जायची आणि पोट भरलं की येऊन पिल्लांच्या चोचीत चोच द्यायची. डोळे उघडण्याआधीच पिल्लं तेवढं शिकली होती.

नियाजभाईंनी डबा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला. पण हातच थरथरत होते, ज्वारी वाजतच राहिली.