दारापुढचा उतार

बाबा राज्यशास्त्र शिकवायचे. स्वातंत्र्य म्हणजे कुणी आडवं न येणं, माणसाची मर्जी आणि मालमत्ता त्याच्यापाशी राहू देणं. बाकी सगळी नुसती सोय, असं त्यांचं म्हणणं. दार उघडं असलं तरी ज्याला पायरी चढता येत नाही तो मोकळा कसा, असं माझं. ताटातलं निवून जायचं, पण आमचा वाद मिटायचा नाही.

शेवटच्या वर्षी ते व्हीलचेअरला खिळले. मी दारापुढच्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार बांधून घेतला. त्यावरून ते पहिल्यांदा एकटेच रस्त्यापर्यंत जाऊन आले, तेव्हा मी विचारलं, “काय म्हणतंय स्वातंत्र्य?”

“सोय बरी आहे,” ते म्हणाले.

परवा काका आले. “दादा गेला. आता हा उतार कुणाला हवाय? मोडून टाकू, माझी गाडी राहील तिथे.”

समोरचे म्हातारे शिंपी रोजच्यासारखे वॉकर टेकत, बाबांचा पेपर वाचायला उतारावरून वर येत होते. ते अर्ध्यावरच थांबले.

“काका, घर बाबांनी माझ्या नावावर केलंय. माझ्या मालमत्तेला हात लावायचा नाही.”

काका हसले. “मालमत्ता? हे तर दादाचं बोलणं. तू त्याच्या पक्षात कधी गेलीस?”

 

“गेले नाही. पण आता भांडायला ते नाहीत, तेव्हा दोन्ही बाजू मलाच लढवायच्यात.”