घोड्यावरचा धम्मानंद

सीमेवरच्या लढाईत आमच्या गावचा धम्मानंद गेला, त्याला वर्ष होत आलं. गावानं त्याचा पुतळा बसवायचं ठरवलं आणि समितीचे अध्यक्ष झाले व्यंकटराव. परभणीहून आलेल्या मूर्तिकारानं धम्मानंदच्या आईकडं फोटो मागितला, तर सरजाबाईनं दोन आणून दिले. एक वर्दीतला. दुसरा लग्नाच्या वरातीतला, ज्यात फेटा बांधलेला नवरदेव घोड्याचा लगाम हातात धरून पायी चालला होता.

"चेहरा ह्याच्यातला घ्या अन् घोडा त्याच्यातला. माझ्या लेकराला घोड्यावर बसवा."

मूर्तिकार गडबडला. जन्मभर तिला 'सरजे' म्हणून हाक मारणारे व्यंकटराव मात्र गोड हसले. समोर पोरांच्या मोबाइलवर शूटिंग चालू होतं ना!

"सरजाबाई, आपला धम्मानंद पायदळात व्हता. घोडा कशाला? लोक हसतेल."

"हसू द्या."

"बरं, तुमच्या मनासारखं होऊ द्या. तुमी वीरमाता. जागा कोणती पायजे तेबी सांगा, सगळ्यांसमोर शब्द देतो, समिती न्हाई म्हणायची न्हाई."

सरजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली.

 

"तुमच्या दारापुढं. तिथंच वरात अडवून घोड्यावरून खाली उतरवलं व्हतं तुमी त्याला. आता उतरवून दाखवा."