आईच्या नावाचा रकाना

राधाकृष्ण सरांनी जबाब वाचून दाखवला आणि कागद टेबलावरून चांगुणाकडे सरकवला. "इथं सही करा, बाई."

चांगुणाने पेन उचललं नाही. "सर, ते मधलं पुन्यांदा वाचा बरं."

सरांनी चष्मा वर ढकलला. "पुतणी राणी हिला पहिलीत दाखल करतेवेळी आईच्या नावाच्या रकान्यात माझ्याकडून चुकून माझेच नाव सांगण्यात आले."

"चुकून न्हाई सांगितलं," चांगुणा म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत तिची धाकटी जाऊ पल्लवी मांडीवर फाईल घेऊन बसली होती. पुण्याला नर्स होती, आता जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी लागली होती. नवऱ्याचे कागद झाले, तिचे झाले, अडकली ती राणी. जन्माच्या दाखल्यावर आई पल्लवी आणि बाळापूरच्या या शाळेत आई चांगुणा. दोन आया असलेलं लेकरू कोणत्याही देशाच्या कचेरीला परवडत नाही. हिंगोलीहून दुरुस्तीची मंजुरी आली होती. दाखल करणाऱ्या बाईचा जबाब तेवढा जोडायचा होता. सोमवारी मुंबईला कागद दाखवायचे होते.

"आक्का, नुसता शब्द आहे तो," पल्लवी हळूच म्हणाली.

"शब्दच हाय. पर म्या तसं केलंच न्हाई." चांगुणा सरांकडे वळली. "तुमीच व्हते ना त्या दिशी? तुमी पोरीला इचारलं, तुझ्या मायचं नाव काय? तिनं सांगितलं, चांगुणा. म्या ऐकलं. तुमी लिहू लागले, ते बी पाहिलं. अन् मीच गप बसले."

सरांना तो दिवस आठवत होता. सहा महिन्यांची असल्यापासून जिच्या कडेवर वाढली, तिचंच नाव पोरीने सांगितलं होतं. ताठ उभी राहून, धडा म्हणावा तसं. दाखला मागून घ्यायला हवा होता. तो पुण्याला आहे, येईल, असं ऐकून त्यांनी लिहून टाकलं आणि पुन्हा कधी मागितला नाही. चूक शोधायचीच म्हटलं तर थोडी त्यांच्याही टेबलाखाली सापडली असती.

"हे बघा बाई, चुकून म्हटलं तर दुरुस्ती होते. मुद्दाम म्हटलं तर चौकशी होते. मग या पोरीचं जाणं राहिलं."

"लिहा मग माझ्या नावानं," पल्लवी एकदम म्हणाली. "दाखल करायला येते म्हणून मी सांगितलं होतं. सुट्टी मिळाली नाही म्हणून आले नाही. मिळवली असती तर मिळाली असती, सर. लिहा, की आईच आली नव्हती."

सरांनी मान हलवली. तसल्या जबाबाचा नमुना नव्हता.

बाहेर व्हरांड्यात राणी मैत्रिणींना विमानाबद्दल सांगत होती. विमान तिनेही पाहिलं नव्हतं, पण आवाज असा की जणू रोजची ये-जा आहे. चांगुणा ऐकत राहिली. तिला पोर जाण्याचं दुःख होतं, ते तिने महिनाभरात कसंबसं गिळलं होतं. पण आपण तिची आई आहोत असं लिहिलेलं जगात एकच पान होतं, आणि ते आज जाणार, हे तिला आत्ता इथं बसल्यावर कळलं.

तिने पेन उचललं.

सर जरा चपापले. जुन्या प्रवेश अर्जावर या बाईचा अंगठा होता. शाईची डबी त्यांनी म्हणूनच काढून ठेवली होती.

"राणीनं शिकवलं," चांगुणा म्हणाली. "दुसरीत व्हती तवा. रोज चुलीपुढं पाटी घिऊन बसवायची मला. दोनच नावं येतेत. तिचं अन् माझं."

ती एकेक अक्षर काढू लागली. राणी दारात येऊन उभी राहिली होती. तिने मान लांब करून कागद पाहिला.

"माय, टिंब राहिलं."

चांगुणाने टिंब दिलं. शिकलेली सही तिने आजवर कुठे केलीच नव्हती. ही पहिली.

पल्लवीने तोंड खिडकीकडे वळवलं. तिला पोर मिळाली होती आणि तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सरांनी मोठं रजिस्टर उघडलं, पान काढलं, लाल पेनाचं टोपण काढलं. पट्टी लावून त्यांनी आईच्या रकान्यातल्या नावावर एक रेघ मारली. वर पल्लवी लिहिलं, बाजूला सही केली, तारीख टाकली.

"झालं?" चांगुणाने विचारलं.

"झालं."

"अन् खालचं? ते पुसत न्हाईत?"

"नाही बाई. रजिस्टरात पुसायचं नसतं. पांढरी शाईही लावायची नाही. एकच रेघ, आणि खालचं नाव वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे."

चांगुणा खुर्चीवरून उठली. टेबलावर वाकून तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि रेघेखालून हळूहळू पुढे नेलं.

"येतंय," ती म्हणाली. "वाचता येतंय, सर."