माळ्यावरच्या रेकॉर्डी

माळा रिकामा करून वत्सलाबाई इतक्या दमल्या, की शेवटचं खोकं त्यांनी बसूनच उघडलं. आत विलायती वाद्यवृंदांच्या प्रेमधुनांच्या जुन्या रेकॉर्डी होत्या. लग्नानंतर कित्येक रविवार दोघांनी त्या ऐकल्या होत्या.

"नव्या घरात जागा नाही. पण तुमच्या आवडीच्या, राहू देत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"माझ्या?" भालचंद्रराव चपापले. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुझे वडील ऐकायचे, म्हणून तुझ्यासाठी आणल्या."

"बाबांनी ते लावलं की मी शेजारी पळायचे!"

दोघंही दमल्या अंगानं हसली. आता मन राखायचं कारण उरलं नव्हतं. तरी भालचंद्ररावांनी एक लावली. व्हायोलिनं संथपणे भरून आली, आणि थोड्याच वेळात ते खुर्चीत घोरू लागले.

रेकॉर्ड थांबली. वत्सलाबाई भिंतीला धरून उठल्या आणि त्यांनी दुसरी बाजू लावली.